मी तो कागद वाचला होता

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली आणि बोट टेकवून म्हणाले, "बाई, हे पाहा. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला कॅव्हिटी आहे."

कॅव्हिटी म्हणजे पोकळी. क्षयाने आतून कुरतडून केलेलं भोक. दोन महिने मला संध्याकाळी बारीक ताप येत होता आणि मी तो अशक्तपणा समजत होते. मग एका सकाळी दात घासताना मोरीत रक्ताची गुठळी पडली. आपल्याच आतून आलेली ती वस्तू बघून मला भीती वाटण्याआधी किळस आली. तेव्हापासून पुढचे नऊ महिने किळस माझ्यासोबतच होती. तुमच्यापैकी कुणाला हा आजार निघाला, तर भीतीबद्दल सगळे सांगतील. किळसेबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते आहे.

ते दिवस मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होण्याचे होते. आमच्या ह्यांचं इंदरगंजातलं दफ्तर भोपाळला हलणार होतं. लष्कर या आमच्या पेठेतल्या घराघरात एकच विषय, कोण जाणार आणि कोण राहणार. सासूबाईंना मात्र माझ्या दुखण्याचं कारण पक्कं ठाऊक होतं. "सारखी पुस्तकावर वाकून बसते. छाती दबून दबून झालं हे."

मी वाचत असे, हे खरं. वडील दरबारच्या नोकरीत होते, ते मला वाचनालयातून पुस्तकं आणून देत. लग्नानंतरही रोज दुपारी एक तास मी वाचल्याशिवाय राहिले नाही. कादंबरीतली विधवा, दुष्काळातलं पोर, कुणाचंही दुःख वाचून माझे डोळे भरून येत. आपण वाचतो म्हणून चार बायकांपेक्षा आपलं मन हळवं आणि मोठं आहे, अशी माझी खात्री होती. नातेवाइकांतही माझा तसाच लौकिक होता. तो मला फार आवडायचा.

मला सरकारी क्षय वॉर्डात खाट मिळाली. डॉक्टरांनी 'कम्प्लीट बेड रेस्ट' सांगितली. म्हणजे पूर्ण पडून राहणं. उठायचं नाही, बोलायचं कमी, आणि पहिले दोन महिने पुस्तकही नाही.

"हात वर धरून वाचलं तरी फुप्फुसाला ताण पडतो," ते म्हणाले. "छताकडे बघत पडा."

रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. त्या काळी ते नवलाचं औषध होतं, क्षयाचे जंतू मारणारं. त्याच्या जोडीला 'पास' नावाची पूड, जी घेतली की पोट ढवळून येई. उशाशी स्पुटम कप, म्हणजे थुंकी धरायचं झाकणाचं भांडं. वॉर्डात बारा बायका आणि बारा भांडी. सकाळी ती रिकामी होईपर्यंत माझा चहा घशाखाली उतरत नसे.

पुस्तक नव्हतं, पण सवय कुठे जाते? मी औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचायची. पट्ट्या गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा वाचायची. मॅट्रिकपर्यंत शिकलेली असल्याने इतरांच्या खाटेला टांगलेले इंग्रजी तक्तेही वाचायची.

शेजारच्या खाटेवर रामकली होती. बिर्लानगरच्या मिलमध्ये काम करणाऱ्या माणसाची बायको, माझ्याच वयाची. तिला एम्पायमा झाला होता. म्हणजे फुप्फुसाच्या बाहेरच्या आवरणात पू साठतो. तिच्या बरगड्यांतून नळी घालून पू खाली बाटलीत काढला होता. नळी आता काढली होती, पण जखम वाहत होती. तिची पट्टी सुटली की जो वास येई, तो लिहून सांगता येणार नाही. मी पदर नाकाला लावून भिंतीकडे तोंड करायची.

ती मात्र माझ्याशी बोलायला बघायची. "जिज्जी, तुम तो पढ़ी-लिखी हो. कोई किस्सा सुनाओ."

"डॉक्टरांनी बोलायला मना किया है," असं मी अर्धं मराठी, अर्धं हिंदी सांगून डोळे मिटून घेई.

एका सकाळी कारकून आला. हातात टंकलेल्या कागदांची चळत. नवं राज्य होण्याआधी वॉर्डाचा ताबा दुसऱ्यांकडे द्यायचा होता, आणि बरेच दिवस पडलेले रोगी त्याआधी कमी झालेले वरच्यांना हवे होते. हे मला पुढे कळलं. त्याने रामकलीच्या पुढ्यात कागद ठेवला आणि शाईचं पॅड माझ्या स्टुलावर.

"अँगूठा लगा दो. घर जाना है तुम्हें."

रामकली हरखली. तिची दोन मुलं घरी होती. तरी तिने कागद उचलून माझ्याकडे वळवला. "जिज्जी, जरा बाँच दो. का लिखो है जा में?"

कागद इंग्रजीत होता आणि पानभर होता. मी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या इच्छेने उपचार सोडून जात आहे, पुढची जबाबदारी माझी, असं त्यात लिहिलं होतं. मला प्रत्येक शब्द कळला. तिची इंजेक्शनं अर्धीही झाली नव्हती, हे तिच्या तक्त्यावरून मला ठाऊक होतं.

त्याच वेळी तिच्या पट्टीचा वास आला.

मी म्हणाले, "घर जाने का कागज़ है."

तिने अंगठा उठवला. दुपारी तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिने माझ्या पायांना हात लावला. मग झाडूवालीने खाट फिनेलने धुतली. मी पदर बाजूला केला, मोठा श्वास घेतला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवले. रात्री गाढ झोपलेसुद्धा.

हे लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते. पण हे गाळलं तर बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर रजेवरून परतले. शेजारची रिकामी खाट बघून थांबले. कारकुनाने कागद पुढे केला. डॉक्टर चिडले, पण कारकुनावर नाही. "ही अडाणी माणसं! बरं वाटलं की पळतात. अर्धवट इंजेक्शनं घेतली की उरलेले जंतू निगरगट्ट होतात, मग औषध लागू पडत नाही. मरेल ती आता."

अडाणी हा शब्द मी ऐकला आणि माझे कान तापले.

"डॉक्टर, ती पळाली नाही," मी म्हणाले. "तिला कागद वाचताच येत नव्हता. तिने मला वाचायला दिला होता. मी वाचला, पण तिला सांगितलं नाही."

"का?"

"तिचा वास येत होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते कारकुनाला एवढंच म्हणाले, "ही खाट कुणालाही द्यायची नाही." माझ्याशी ते काही न बोलता पुढच्या खाटेकडे गेले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी हे भेटायला आले तेव्हा मी त्यांना बिर्लानगरला जायला सांगितलं.

"अगं, तिकडे फाइलींचे गठ्ठे बांधून राहिलोय आम्ही, आणि तू मला मिलच्या वस्तीत पाठवतेस? कोण लागते ती तुझी?"

मी सगळं सांगितलं. "तू असं केलंस?" एवढंच ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन गेले. रामकली गावी गेली होती, मुरैन्याकडे. निरोप पोहोचून ती परत येईपर्यंत तीन आठवडे गेले. आली ती दोघांच्या आधाराने, खोकल्यातून रक्त पडत असताना. ताप चढलेला. जखम पुन्हा चिघळलेली. नळी परत घालावी लागली आणि इंजेक्शनं पहिल्यापासून सुरू झाली.

चार दिवसांनी ती बोलण्याजोगी झाली तेव्हा मी तिला कागदात काय होतं ते सांगितलं. मला कळलं होतं, हेही सांगितलं.

ती छताकडे बघत म्हणाली, "हमें लगो तो हतो. कागद बड़ो हतो, और तुमने इत्ती-सी बात बताई. और तुम नाक पे पल्लू धरे हतीं."

तिला तेव्हाच शंका आली होती. मी रडले. तिने मला रडू दिलं, थांबवलं नाही. मग म्हणाली, "अब जो आवे, पूरो बाँचियो."

मी बाँचलं. तिचा तक्ता, औषधाची चिठ्ठी, गावाहून आलेलं पत्र, सगळं शब्दन्‌शब्द. डॉक्टरांनी मला पुस्तकाची परवानगी दिली, तेव्हा कथाही हिंदी करून सांगू लागले. ती मधेच थांबवायची. "जे औरत इत्ती रोवत काहे है? काम नाहीं है बाके घर?" ज्या पानांवर मी वर्षानुवर्षं डोळे पुसले होते, तिथे ती हसायची. मलाही कळत गेलं की त्या रडण्याने मला कधी जागचं उठवलं नव्हतं. कागदावरच्या बाईचा वास येत नाही. तिच्याविषयी हळवं होणं सोपं असतं, आणि त्याची सवय लागली की माणूस स्वतःला चांगला समजू लागतो. वाचनाने मला भाषा दिली, नजर दिली, पण हा गैरसमजही त्यानेच दिला.

वाचन मी सोडलं नाही. आजही रोज वाचते. फक्त पान उलटताना डोळे भरले की स्वतःवर विश्वास ठेवत नाही.

तुम्हाला सांगायचं ते एवढंच. इंजेक्शनं, गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, कितीही बरं वाटलं तरी. आणि दवाखान्यात सही करण्याआधी पूर्ण वाचा, वाचता येत नसेल तर दोघांना विचारा. एकावर विसंबू नका. ते एक माणूस माझ्यासारखं असू शकतं.

मी नऊ महिन्यांनी बरी होऊन भोपाळला गेले. रामकली माझ्यानंतर सात महिन्यांनी सुटली. जगली, पण एक फुप्फुस कायमचं निकामी झालं. भरलेली घागर तिला पुन्हा कधी उचलता आली नाही.

वॉर्डातल्या शेवटच्या महिन्यात मला चालायची मोकळीक होती. रोज सकाळी तिची पट्टी बदलताना सिस्टरच्या हाताशी मी उभी राहायची आणि पुवाची वाटी धरायची. तुम्हाला वाटेल, माझी किळस गेली. नाही गेली. शेवटच्या दिवशीही मला कोरडी ओकारी आली, डोळ्यांतून पाणी आलं. रामकलीने बघितलं आणि म्हणाली, "जिज्जी, उल्टी आवे तो उतै करियो, मो पे नाहीं."

आम्ही दोघी हसलो. सिस्टर ओरडली, "हिलो मत!" आणि मी दोन्ही हातांनी वाटी घट्ट धरली.