फ्रिजमधली दोन कासवं

हे मी आजवर कुणाकडे बोललेलो नाही. रश्मीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडेसुद्धा नाही. आणि तिच्यापासून लपवलेलं असं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. चार वर्षं झाली. तुम्ही ऐकून घ्याल असं वाटलं, म्हणून सांगतो.

आधी मी कसा आहे ते सांगायला हवं. मी सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये राहतो, एका बँकेत काम करतो, आणि मला सगळं माहीत असतं. चेष्टा नाही. आपल्या मराठी लोकांत कुणाला फ्लॅट घ्यायचा असला, पीआरचा, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज भरायचा असला, की ते मला फोन करतात. नाही केला तर मी करतो. रश्मी मला उंटावरचा शहाणा म्हणते. म्हणू दे – माझे सल्ले बहुतेक बरोबर निघतात. आत्ता हे सांगतानाही मला त्याचा थोडा अभिमान वाटतोय. बघा, इथेही सुटत नाही.

तर कासवं. माझी मुलगी इरा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिची दोन कासवं होती, पाण्यातली, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली. इथल्या हॉकर सेंटरमध्ये कॉफीला आणि चहाला जे म्हणतात तीच नावं तिने ठेवली होती – कोपी आणि तेह. स्वयंपाकघरामागे, कपडे वाळत घालतो तिथे त्यांची काचेची टाकी होती आणि ती दोघं मजेत होती. पण मजेत असलेल्या कुणाला मी कधी तसंच राहू दिलंय का?

मी वाचलं होतं की ही मूळची थंडी पडणाऱ्या मुलखातली जात. तिकडे ती हिवाळाभर झोपतात, आणि त्या झोपेने त्यांचं आयुष्य वाढतं असं छातीठोक सांगणारेही मला भेटले. सिंगापूरला हिवाळा कुठला? बारा महिने तोच घाम. पण परदेशातले हौशी लोक कासवांना चक्क फ्रिजमध्ये झोपवतात हे मी एका व्हिडिओत पाहिलं आणि मला राहवेना. ज्या दुकानातून आम्ही त्यांचं खाणं आणायचो तिथले म्हातारे चिनी अंकल इथल्या पद्धतीने वाक्याला 'ला' जोडत म्हणाले, "हिअर नो नीड ला." इरा म्हणाली, "बाबा, जस्ट लीव्ह देम ला." रश्मीने नुसते कोपरापासून हात जोडले. आणि माझी आई – ती तेव्हा सासवडहून आमच्याकडे राहायला आली होती – ती म्हणाली, "देवळात गाभाऱ्याआधी ज्याच्यापुढे वाकायचं, त्याला तू दुधाच्या पिशवीसारखा फ्रिजमध्ये ठेवणार?"

चौघांनी नको म्हटलं. मी छोटा फ्रिज आणला.

तयारीत मी कसूर केली नाही, हे मात्र सांगतो. आधी त्यांचं खाणं थांबवलं, मग थोडंथोडं पाणी घातलेल्या दोन डब्यांत त्यांना ठेवलं, आत आकडा दाखवणारा थर्मामीटर लावला. पाच अंश – त्याच्या फार वर नाही, फार खाली नाही. रोज एकदा दार उघडून हवा द्यायची. ते काम आईकडे. ती रोज पूजा झाली की हात धुऊन यायची, दार उघडायची, दोघांना नमस्कार करायची, थोडा वेळ बघत उभी राहायची आणि हलकेच दार लावायची. आकड्यांचं मी बघतो, तू त्यात पडू नकोस, असं मी तिला बजावलं होतं.

एका गुरुवारी सकाळी आकडा आठवर दिसला. मी थंडी वाढवायचं गोल बटण पार टोकापर्यंत फिरवलं. निघायच्या आधी परत मागे आणू म्हटलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. बोलतबोलत बूट घातले, लिफ्टने खाली गेलो, एमआरटीची गाडी पकडली. त्या दिवशी आठवलं नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी आई म्हणाली होती, "आज आत जरा जास्तच गार लागलं रे." मी म्हणालो, फ्रिज आहे तो, गारच असणार.

शनिवारी सकाळी दार इराने उघडलं. डब्यांतल्या पाण्याचा बर्फ झाला होता. कोपी आणि तेह त्या बर्फातच होती.

बटण टोकाला होतं, ते सगळ्यांनाच दिसलं. "हू टच्ड इट?" इराने रडतरडत विचारलं. मला त्याच क्षणी सगळं आठवलं – गुरुवार, फोन, बूट. मी बोलायला तोंड उघडलंही होतं. पण आई आधी बोलली. म्हणाली, "बुधवारी मी फडक्याने फ्रिज पुसला गं. माझाच हात लागला असेल."

आणि मी? मूग गिळून गप्प बसलो असतो तरी एक वेळ परवडलं असतं. मी बोललो! म्हणालो, हो, तसंच झालं असणार, ही बटणं फार हलकी असतात. मग ते कसं होतं, हे मी इराला समजावून दिलं – नीट, मुद्देसूद. फडकं घेतलं आणि करून दाखवलं. आई मान हलवत ऐकत होती. गुरुवारी सकाळी आकडा आठ होता, म्हणजे बुधवारी कुणाचाही हात लागलेला नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

इरा आजीला नको ते बोलली. त्याआधी ती शाळेतून आली की मोडक्यातोडक्या मराठीत आजीशी तासभर बोलत बसायची. आता व्हिडिओ कॉलवर "हाय आजी" म्हणते आणि फोन माझ्याकडे देते.

पुढच्या दिवाळीत आम्ही सासवडला गेलो. अंगणात आईने स्वतः लावलेलं सीताफळाचं झाड आहे, आणि सीताफळ म्हणजे तिचा जीव की प्राण. सगळे खात होते, ती खात नव्हती. वहिनी म्हणाली, "आईंनी सीताफळ सोडलंय. कायमचं. हातून जीव गेले म्हणतात." दुसरं काही का नाही सोडलं, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "त्याची पाठ तशीच असते ना रे, खवल्याखवल्यांची."

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरच्या दिवाळीतही. भीती कशाची होती? आई रागावली नसती, उलट सुटली असती. हे मला तेव्हाही पुरतं माहीत होतं. मला सगळं माहीतच असतं.

गेल्या दिवाळीत ती माझ्यासमोर बसली आणि तिने एक मोठं सीताफळ फोडलं. एकेक बी काढून गर वाटीत गोळा केला. बोटं माखली, ती तिने तोंडाजवळसुद्धा नेली नाहीत, उठून नळाखाली धुतली. वाटी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "गोड आहे का रे?"

"खूप गोड आहे," मी म्हणालो, आणि वाटी संपवली.