परत केलेला गोल

फुटबॉलच्या संघात स्ट्रायकर नावाचा जो खेळाडू असतो, त्याला नव्वदपैकी पंच्याऐंशी मिनिटे फारसे काम नसते. उरलेल्या पाच मिनिटांत त्याने काही केले नाही, तर आधीच्या पंच्याऐंशीचाही जाब विचारला जातो. गोलरक्षक चुकला तर त्याला दुर्दैव म्हणतात, बचावपटू चुकला तर गैरसमज, आणि मधल्या फळीतला चुकला तर ते कोणाच्या लक्षातच येत नाही. स्ट्रायकर चुकला की मात्र स्टँडमधल्या प्रत्येक माणसाला त्याच्या आईबहिणीची आठवण येते. हे काम मी चौदा वर्षे पगार घेऊन केले.

या कामासाठी तीन गोष्टी याव्या लागतात: कुठे उभे राहावे, कधी धावावे आणि कसे पडावे. पहिल्या दोन मला बऱ्यापैकी येत होत्या. तिसरी कधीच जमली नाही. आमच्याकडे एक विंगर होता. तो स्पर्श होण्याआधीच पडून पेनल्टी मिळवत असे, आणि प्रशिक्षक त्याला ‘अनुभवी’ म्हणत. मी धक्का बसल्यावरही उभा राही, म्हणून मला ‘सरळ’ म्हणत. फुटबॉलमध्ये हा शब्द कौतुकाचा नव्हे.

आमचे घर हैदराबादच्या काचीगुड्याचे. आजोबा वकील, बाबा गणिताचे शिक्षक. घरात चेंडू येण्याचे काहीच कारण नव्हते. तो मी शेजारच्या मोहल्ल्यातून आणला. माझे लग्न ठरत होते, तेव्हा पुण्याहून आलेल्या मंडळींनी विचारले, “फुटबॉल खेळतो ते कळलं, पण नोकरी?” बाबा खोटे बोलत नसत. ते म्हणाले, “कंत्राटी आहे.” मंडळींचे समाधान झाले. मुलगी कुकटपल्लीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करीत होती आणि तिची नोकरी कायम होती, हे समाधानाचे दुसरे कारण असावे.

आता त्या शेवटच्या मोसमाबद्दल. माझे वय तेहतीस होते आणि गुडघ्यांचे त्याहून अधिक. करारात एक कलम होते: मोसमात दहा गोल झाले, तर करार आपोआप एक वर्ष वाढेल, न झाल्यास आभार. क्लबच्या व्यवस्थापकांनी हे कलम मोठ्या मनाने घातले होते, कारण आदल्या वर्षी मी चारच गोल केले होते. मला ते एक वर्ष हवे होते. दुसरा क्लब या वयात विचारत नाही, आणि चेंडू जाळ्यात मारण्यापलीकडे जगाच्या उपयोगाचे काही मला येत नव्हते.

मोसम संपायला तीन सामने उरले असताना माझा नववा गोल झाला. त्याच दिवसापासून माझ्या गुडघ्यांची क्लबला एकाएकी काळजी वाटू लागली. पुढच्या दोन सामन्यांत मला विश्रांती देण्यात आली. मी बाकावर बसून विश्रांती घेत होतो आणि व्यवस्थापक मधूनमधून येऊन “गुडघा कसा आहे?” असे विचारत होते. मी “उत्तम” म्हटले की त्यांचा चेहरा पडत असे.

शेवटच्या सामन्यात आमच्या दुसऱ्या स्ट्रायकरचा घोटा मुरगळला, आणि निरुपायाने मला उतरवले गेले. पाचच मिनिटे उरली होती, म्हणजे माझ्या कामाची बरोबर तेवढीच. आम्हाला कॉर्नर मिळाला. चेंडू आत आला तेव्हा गोलसमोर आठ-दहा माणसांची दाटी झाली होती, काचीगुडा स्टेशनवर गाडी लागल्यावर होते तशी. मी उडी मारली, आणि खरे सांगायचे तर डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू जाळ्यात होता.

चेंडू माझ्या डोक्याला लागला नव्हता. माझ्या कपाळापुढून वीतभर अंतरावरून तो गेला. त्याचा वारा मला जाणवला. शेजारी उडालेल्या त्यांच्या बचावपटूच्या खांद्यावर आपटून तो आत गेला. परंतु गोल झाला की स्ट्रायकरचे पाय आपोआप कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावू लागतात, तसे माझेही धावले. धावणाऱ्याच्या नावावर गोल लागतो. ध्वनिक्षेपकावर माझे नाव पुकारले गेले. आमचा गोलरक्षक, जुन्या शहरातला माझा सर्वांत जुना मित्र, पार दुसऱ्या टोकाकडून धावत येऊन माझ्या पाठीवर बसला.

“क्या मारा मियाँ! एक साल और झेलना पड़ेगा तेरे कू!”

स्टँडमध्ये, गोलच्या अगदी मागे, बाबा बसले होते. ते नेहमी तिथेच बसत. आई गेल्यापासून ते आमच्याकडे राहत होते आणि शहरातला माझा एकही सामना चुकवत नव्हते. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाबा बसून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी विचारले, “काल चेंडू तुझ्या डोक्याला लागला का?”

“पंचांनी दिला ना बाबा गोल.”

“मी पंचांना विचारलं नाही. तुला विचारलं.”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “बाबा, अजून पोहे घ्या.”

“नको. लागला का?”

“नाही लागला.”

“मग?”

हा ‘मग’ मला लहानपणापासून परिचित होता. आमच्या घरी उत्तरपत्रिकेची बेरीज चुकून गुण जास्त मिळाले, तर दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊन ते कमी करून आणावे लागत. सहावीत भूगोलाचे तीन गुण मी असे परत केले आहेत. सरांनी ते मुकाट्याने कापले, आणि पुढे वर्षभर ते माझ्याकडे संशयाने पाहत राहिले.

बायको हात पुसत बाहेर आली. “आमच्याकडे एकदा प्रॉडक्ट बाजारात गेलं, की मग चुका शोधत नाहीत, बाबा. आणि ज्याने केली त्याने तर मुळीच शोधायच्या नसतात.”

“तुमच्याकडे म्हणूनच फोन सारखे बंद पडतात,” बाबा म्हणाले.

“अहो, ह्याचं एक वर्ष जाईल!”

“त्याचं असेल तर जाणार नाही. त्याचं नसेल तर गेलं असं कसं म्हणायचं?”

या युक्तिवादात कुठेतरी खोट आहे, असे मला तेव्हाही वाटले; पण ती मला दाखवता आली नाही. दुपारी मी अर्ज लिहायला बसलो. ‘दहावा गोल माझा नाही, तरी नोंदीत दुरुस्ती व्हावी,’ एवढेच लिहिले. बाबांनी तो वाचला आणि परत दिला.

“तुझा नाही, हे अर्धं उत्तर झालं. मग कोणाचा?”

“ते पंच बघतील ना.”

“तू सर्वांत जवळ होतास. अर्धं उत्तर लिहू नये.”

मी त्या बचावपटूच्या जर्सीचा क्रमांक लिहिला, आणि ‘उजव्या खांद्याला लागून’ असेही लिहिले. बाबांनी मान डोलावली.

सोमवारी मी अर्ज घेऊन नारायणगुड्याला क्लबच्या कार्यालयात गेलो. व्यवस्थापक तेलुगू होते, पण खेळाडूंशी हैदराबादी हिंदीत बोलत. त्यांनी अर्ज एकदा वाचला, चष्मा लावून दुसऱ्यांदा वाचला.

“गोल कम करने की अर्जी? इतने साल में पहली बार देख रहा हूँ भाई. किसी ने दबाव डाला क्या?”

“वडिलांनी,” मी म्हणालो.

“बहुत बड़े आदमी हैं,” ते उद्गारले, आणि त्यांनी चहा मागवला. या कार्यालयात मी चार मोसम येत-जात होतो. गोल केल्याबद्दल मला तिथे कधी पाणीही मिळाले नव्हते. गोल परत केल्याबद्दल इराणी चहा मिळाला, आणि सोबत उस्मानिया बिस्किटे. व्यवस्थापकांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली नाही. त्याची आता गरज उरली नव्हती.

माझ्या दुखापतीचा विमा मंजूर व्हायला या क्लबला आठ महिने लागले होते. हा अर्ज चार दिवसांत मंजूर झाला. चित्रफीत पाहिली गेली, पंचांनी अहवाल दुरुस्त केला, गोल स्वयंगोल ठरला, आणि माझी संख्या नऊवर आली. शुक्रवारी क्लबने मला दोन कागद दिले. एकावर माझ्या प्रामाणिकपणाचा गौरव होता, आणि तो चौकटीत बसवलेला होता. दुसऱ्यावर आभार होते. त्याला चौकट नव्हती. व्यवस्थापकांनी छायाचित्रासाठी फक्त पहिला कागद हातात धरायला सांगितले.

गोलरक्षक दाराशी भेटला. त्याने चौकट हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

“कायकू मियाँ? गोल मारने की चीज़ है. लौटाने की थोड़ी है. लायब्ररी की किताब है क्या?”

“मारलाच नव्हता रे.”

“वो तो वीडियो में मैं भी देखा,” तो म्हणाला. “मैं बोला क्या किसी कू?”

क्लबने ते छायाचित्र सगळीकडे पाठवले. शहरातल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ते फिरले, आणि माझ्या चौदा वर्षांत एकदाही सामन्याला न आलेल्या लोकांनी ‘संस्कार!’ असे लिहून हात जोडल्याच्या खुणा पाठवल्या. फुटबॉल न पाहता खेळाडूचे कौतुक करण्याची अशी संधी त्यांना पूर्वी मिळाली नव्हती. रविवारी बाबा स्वतः जाऊन इमारतीत वाटायला पेढ्यांचा खोका घेऊन आले. मुलाची नोकरी गेल्याचे पेढे वाटणारे आमचे एकमेव घर असावे.

ते पायात चप्पल घालत होते, तेवढ्यात माझा फोन वाजला. तो बचावपटू होता. मुळात तो याच शहरातला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आता दुसऱ्या शहरातल्या क्लबकडून खेळणारा. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मी जरा निर्धास्त झालो.

“भाई, एक बात पूछनी थी. मेरा नंबर कायकू लिखे?”

मी सांगू लागलो की अर्ज अपुरा राहू नये, म्हणून.

“मेरा भी कॉन्ट्रॅक्ट था भाई. वो लोगाँ बहाना ढूंढ रहे थे. अब बोल रहे हैं, आख़री मैच में अपने ही गोल में डाला. आपके घर में भाभी कमाती हैं. मेरे घर में मैं ही कमाता. दो बहनें हैं. आपकी सच्चाई मेरे कू बहुत महंगी पड़ी.”

त्याने सलाम करून फोन ठेवला. गणिताच्या शिक्षकाच्या आमच्या घरात ही साधी गोष्ट कोणाला सुचली नव्हती: गोल एका रकान्यातून वजा केला, की तो दुसऱ्या रकान्यात मिळवावा लागतो, आणि त्या रकान्यातही माणूस असतो. सचोटीचा खर्च आम्ही भागवला होता, पण अर्धा बायकोच्या पगारातून आणि अर्धा त्याच्या.

बाबा दारात पेढे घेऊन थांबले होते. मी त्यांना सगळे सांगितले. बायकोही ऐकत होती.

“खांदा त्याचाच होता,” बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारले, “हे आधी माहीत असतं, तर तू अर्ज केला असतास?”

ज्याचे उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक नाही, असा प्रश्न विचारताना मी बाबांना प्रथमच पाहत होतो. खोटे बोलण्याची ती चांगली वेळ होती. पण पडण्याप्रमाणे तेही मला नीट येत नाही.

“केला असता,” मी म्हणालो. “तुम्ही गोलमागे बसला होतात ना.”

बाबांनी चप्पल काढली. आत जाऊन त्यांनी पेढ्यांचा खोका फ्रिजमध्ये ठेवला आणि बायकोला म्हणाले, “त्या मुलाचा नंबर ह्याच्याकडून घेऊन दे मला. मी बोलतो.”

“काय बोलणार, बाबा?” तिने विचारले.

बाबा फोन हातात घेऊन खुर्चीवर बसले. त्यांनी नंबर लावला नाही, आणि फोन खालीही ठेवला नाही.