रिलीव्हर येण्याआधी

शामराव तिडके सदतीस वर्षं स्टील प्लांटमध्ये शिफ्टने राबले. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय त्यांनी जागा सोडली नाही. तो आलाच नाही तर सोळा तासांची डबल करून यायचे, आणि नलूबाई डबा पुन्हा गरम करायच्या.

मग अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही बरीचशी गेली, आणि हुडको कॉलनीतल्या घरात ड्युटी नलूबाईंकडे आली. त्याला चार वर्षं झाली. दर दोन तासांनी कूस बदलायची आणि कॅलेंडरवर वेळ टिपायची. रिलीव्हर एकच, सून मोना. ती शुक्रवारी चार वाजता जुनवानीहून स्कूटीने यायची आणि तासभर बसायची. आठवड्यातला तेवढाच तास नलूबाईंचा.

मोनाची मुलगी प्राची दहावीत होती. नलूबाई नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, म्हणून नात इंग्रजीसाठी रविवारी त्यांच्याकडे यायची. पुस्तकात एक जुनी कविता होती. टपालाची थैली घेऊन डोंगर ओलांडणारा माणूस ओढ्याकाठी फुललेलं रान पाहून थांबतो, खूप वेळ पाहत राहतो, मग थैलीचा पट्टा आवळून निघतो.

नलूबाईंनी अर्थ सांगितला : सौंदर्य मोहात पाडतं, कर्तव्य पुढे नेतं.

“पण आजी, जायचंच होतं तर थांबला कावून? लेट नहीं हुआ उसको?”

“थोडासाच थांबला ना. मग कर्तव्य आठवलं. असंच लिही, पूर्ण मार्क मिळतात.”

तो नोव्हेंबर होता. कॉलनीमागच्या रस्त्यावरची बुचाची झाडं फुलली होती. आठ दिवसांपासून वास खिडकीतून आत येत होता; नलूबाई पाठ पुसताना, भात भरवताना तो घेत होत्या. शुक्रवारी पावणेचारला मोनाचा फोन आला.

“आई, निघाली मी. दहा मिनिटांत पोचते.”

शामराव झोपले होते. एरवी मोना पलंगाशी येऊन उभी राहिल्यावरच नलूबाई चप्पल घालायच्या. त्या दिवशी, ती निघालीच आहे तर पोचेलच, असं म्हणून त्यांनी दार नुसतं ओढून घेतलं.

रस्ता पांढरा झाला होता. लांब देठांची फुलं एकेक करून गिरक्या घेत उतरत होती. नलूबाईंनी थोडी ओच्यात घेतली, मग वेचणं सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. घड्याळ हातात होतं. त्यांनी ते पाहिलं नाही.

मोनाची स्कूटी वाटेत पंक्चर झाली होती. ती घरी पोचली साडेचारला आणि नलूबाई तिच्यामागून पाच मिनिटांनी. शामराव पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडले होते. भुवई फाटली होती. डोळे उघडे होते आणि ते हाक मारत नव्हते. शेजारच्या पुंडलिकरावांनी उचलायला हात दिला. दुर्गच्या दवाखान्यात नेलं, चार टाके पडले. हाड वाचलं, पण यांना एकटं सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं.

मोना परतताना स्कूटीलाच दोष देत राहिली. मुलगा, भूषण, मात्र दवाखान्याच्या पायरीवरच बोलला. “बाबांनी जिंदगीत एकदा तरी रिलीव्हर यायच्या आधी जागा सोडली का, आई?”

घरी आल्यावर ओच्यातली फुलं कुठे पडली, ते नलूबाईंना आठवेना.

सोमवारी प्राचीची चाचणी होती. रविवारी तिने वही पुढे केली तेव्हा नलूबाई म्हणाल्या, “लिही, त्याने थांबायला नको होतं.”

“असं कवितेत नाही आहे, आजी. तो बराच वेळ थांबतो. काही वाईट नाही होत.”

“कवितेतल्या माणसाच्या घरी कोणी पडून नसतं.”

प्राचीने पेन खाली ठेवलं. पलंगावर शामराव ऐकत होते.

पुढच्या शुक्रवारी मोना चारच्या आधीच आली, पलंगाशी उभी राहिली. “आली मी. जा तुम्ही आता.” नलूबाईंनी टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. जायचं नाही, म्हणाल्या. आता कुठेच नाही.

शामरावांनी डावा हात उचलून खिडकीकडे केला. ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा शब्द निघाला. “फुलं?”

ते त्या दिवसाबद्दल विचारत होते. नलूबाई जवळ बसल्या आणि आठवू लागल्या. रस्ता, झाडं, पांढरं काहीतरी. मध्ये सारखी ती फाटलेली भुवई येत होती.

“फुलले आहेत बूच,” एवढंच त्या म्हणाल्या.

शामरावांनी हात खाली घेतला नाही. आता तो दाराकडे होता. तो थरथरायला लागला तशा नलूबाई उठल्या, चप्पल घातली आणि गेल्या.

बुचांखाली पोचेपर्यंत त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं. एक फूल पदरावर पडलं तशा दचकल्या, कुणी हाक मारली का म्हणून मागे वळून पाहिलं, आणि भराभर परत निघाल्या.

“इतक्यात आल्या?” मोना म्हणाली.

शामराव त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, सांगतील म्हणून. नलूबाईंनी चादर सारखी केली. सांगण्यासारखं काही पाहिलंच नव्हतं. थोड्या वेळाने शामरावांनी डोळे मिटून घेतले, आणि नलूबाईंनी वेळ झालेली नसताना त्यांची कूस बदलली.