घरचं पुडकं

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नाव 'येणार कोण, जाणार कोण'. नाव मीच ठेवलंय आणि नियमही माझेच. सिंगापूरहून पुण्या-मुंबईला कुणी निघालं की त्यानं तारीख टाकायची, तिकडून येणाऱ्यानं बॅगेत किती जागा आहे ते सांगायचं, मग ज्याला जे हवं ते त्यानं मागवायचं. कुणाची भाजणी येते, कुणाचा चष्मा, कुणाच्या आईनं शिवलेलं झबलं. सात वर्षं मी हा कारभार सांभाळतेय. त्यात एका नियमाला माफी नाही. बंद पुडकं कुणी आणायचं नाही. देणाऱ्यानं आणणाऱ्यासमोर ते उघडायचं, आत काय आहे ते दाखवायचं आणि मग चिकटपट्टी लावायची. एकदा एक बाई कुरकुरल्या, "अहो सुलभाताई, नुसतं लोणचं आहे!" म्हटलं, लोणचंच आहे तर दाखवायला लाज कसली? माझ्यामागे लोक मला कस्टमवाली काकू म्हणतात. म्हणेनात का!

पण मला सांगायचंय ते आमच्या ह्यांच्याबद्दल.

हे, म्हणजे उल्हास बिवलकर. मूळचे अलिबागचे. बावीस वर्षं बोटीवर काढली, चीफ इंजिनियर होऊन उतरले, आणि आता आठ वर्षं इथेच एका शिपिंग कंपनीत बोटी तपासायचं काम करतात. मरीन परेडला नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. माणूस बोलायला कमी, पण हात गप्प बसणार नाहीत. अख्ख्या ब्लॉकमध्ये कुणाचा मिक्सर बिघडला, कुकरची शिटी अडकली, की ते आमच्या डायनिंग टेबलावर. मी किती वेळा ओरडले असेन, की अहो, जेवायचं कुठे? तर म्हणायचे, "तू बशी जरा सरकव की."

अडीच वर्षांपूर्वी एका बोटीच्या इंजिनरूममध्ये एक जड झाकण उचलायला हात लावायला गेले. खलाशी नको म्हणत होते, पण ह्यांना अजून आपण तिशीचे आहोत असंच वाटत होतं ना! कमरेत कळ आली ती आलीच. महिनाभर घरी होते. तेव्हा कुणीतरी सांगितलं, फार्मसीत कोडीनच्या गोळ्या मिळतात, चिठ्ठी लागत नाही, फार्मसिस्टकडे मागायच्या. घेतल्या. आराम पडला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

कोडीन हे अफूच्या घराण्यातलं औषध आहे हे मला ठाऊकच नव्हतं. ह्यांना होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

नंतर नंतर घरात काहीतरी बिघडायला लागलं आणि माझ्या लक्षात यायला वर्ष गेलं. दुपारी सोफ्यावर बसल्या बसल्या पेंगायचे. पोट साफ नाही म्हणून रोज सकाळी चिडचिड. डोकं दुखायचं, घाम फुटायचा, आणि एक गोळी घेतली की तासाभरात सगळं शांत. खालच्या मजल्यावरच्या तमिळ बाईंचा मिक्सर टेबलावर उघडा पडला तो सहा महिने तसाच. एरवी ह्यांनी दोन तासांत चालू करून दिला असता. त्या बाई बिचाऱ्या लिफ्टमध्ये भेटल्या की काही विचारायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

प्रणिता, आमची लेक, रॅफल्स प्लेसला बँकेत आहे. इथेच शिकलेली. मी मराठीत बोलायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमचं वीस वर्षं चाललंय. रविवारी आली की बापाचा चेहरा बघून म्हणायची, "बाबा, जस्ट गो सी डॉक्टर लाह!" हे म्हणायचे, "बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे आम्हा दोघींना पाठ आहे. कंपनीच्या कानावर गेलं तर बोटीवर चढू देणार नाहीत, ही एक भीती. आणि दुसरी मला तेव्हा माहीत नव्हती.

मे महिन्यात आर्या पुण्याला गेली होती. ही पोरगी क्लेमेंटीला खोली घेऊन राहते, विद्यापीठात संशोधन करते. काटकुळी, चष्मेवाली, जिभेला धार. माझी फार लाडकी. ती परत यायची तारीख ग्रुपवर पडल्याबरोबर हे म्हणाले, "वरुण एक पुडकं देईल तिच्याकडे. मेतकूट, आणि माझ्या पाठीचं औषध." वरुण माझा धाकटा दीर, पुण्यात असतो. मी म्हटलं, बरं. मला वाटलं, तेलबिल असेल.

शनिवारची सकाळ. हे समोर चहा घेत बसलेले. आर्याचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला, कारण माझे हात कणकेत.

"काकू, पुण्याहून निघालेय, गाडीत आहे. वरुणकाका काल पुडकं देऊन गेले, पण ते घाईत होते, उघडलंच नाही. सगळीकडून चिकटपट्टी लावलीये. तुमचा नियम आहे ना, उघडून बघू का?"

आणि मी काय बोलावं? "अगं, राहू दे गं! घरचंच आहे आपलं. टाक बॅगेत."

ती हसली. "बघा हं, कस्टमवाल्या काकूंनीच सोडलं!" आणि फोन ठेवला.

हे उठले. चहा अर्धा टाकून बाल्कनीत गेले. मला वाटलं, पाठ धरली असेल. मी पोळ्या लाटत राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी आत आले ते थेट ओट्यापाशी येऊन उभे राहिले. चेहरा असा, की माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"सुलभा, आर्याला परत फोन लाव. ते पुडकं आणू नको म्हणून सांग."

"का? आता काय झालं?"

"त्यात गोळ्या आहेत. कोडीनच्या. खूप आहेत. परवानगीशिवाय त्या इथे आणता येत नाहीत. ती एअरपोर्टवर सापडली तर..."

मग सगळंच बाहेर पडलं. आधी दिवसाला दोन गोळ्या, मग चार, मग आठ. एका फार्मसीत जास्त देत नाहीत, नाव लिहून घेतात, म्हणून आज कटाँग, उद्या बेडोक, परवा टँपनीज. शेवटी एका फार्मसिस्ट मुलीनं हळूच सांगितलं, 'अंकल, आता डॉक्टरांकडे जा, मी नाही देणार.' ह्यांना इतकी शरम वाटली, की त्या दुकानावरून जाणारी बससुद्धा सोडली. आणि म्हणून वरुणला गळ घातली. त्याच्या ओळखीच्या दुकानातून.

माझं डोकं सटकलं. "अहो, तुमची अक्कल काय गहाण पडली होती का? दुसऱ्याच्या लेकीच्या बॅगेत? आणि मला, मला पुढे करून?"

ते म्हणाले, "तू 'घरचंच आहे' म्हणालीस ना, ते मला ऐकवलं नाही."

मी हात न धुताच फोन लावला. लागलाच नाही. परत लावला. परत तेच. तिचं विमान संध्याकाळी मुंबईहून होतं, आणि गाडी तर पुढे पुढे चालली होती. ह्यांनी स्वतःच्या फोनवरून लावला. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी तिनं उचलला.

"काका, घाटात रेंज नव्हती. काय झालं?"

मी फोन घ्यायला हात पुढे केला. कसली तरी सबब सांगितली असती मी, वजनाची किंवा सांडण्याची. ह्यांनी दिला नाही. उभ्या उभ्या सगळं खरं सांगितलं. गोळ्या कसल्या आहेत, किती आहेत, आपण रोज किती खातो, आणि काकूला यातलं काही माहीत नव्हतं.

मग ती म्हणाली, "बाबा सोडायला आलेत, त्यांच्याकडे परत देते." वर म्हणाली, "काका, माझं चार वर्षांचं काम गेलं असतं. मी तुरुंगात गेले असते." आणि फोन कट.

हे खुर्चीत बसले आणि रडले. तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हा एकदाच रडताना पाहिलं होतं. राग होताच माझ्या मनात, चांगला टाळूपर्यंत होता. पण जवळ गेले आणि कणकेच्या हातानंच त्यांचं डोकं पोटाशी धरलं. म्हणाले, "मला भीती वाटते गं. बंद केल्या की अंग पिळवटतं. मला वाटलं, आता ह्यातून सुटका नाही." ही ती दुसरी भीती.

"नाही कशी? सोमवारी डॉक्टर," मी म्हटलं. ह्या वेळी ते 'बघू' म्हणाले नाहीत.

पण डॉक्टरसमोर तोंड उघडेल की नाही याची मला खात्री नव्हती, आणि त्यांनाही नव्हती. रविवारी सकाळी कागद घेऊन बसले. बोटीवरून उतरताना चीफ इंजिनियरनं पुढच्या माणसासाठी हँडओव्हर नोट लिहायची असते. काय चालू आहे, काय बिघडलंय, काय लपूनछपून चालवलंय, सगळं. त्यात खोटं लिहिलं तर पुढच्या माणसाच्या जिवावर बेततं, म्हणून ह्यांनी जन्मात कधी त्यात लपवाछपवी केली नाही. तश्शी नोट लिहिली. मी चोरून वाचली. 'यंत्र: पाठ. बिघाड: अडीच वर्षं. केलेली दुरुस्ती: काहीही नाही. फक्त अलार्म बंद ठेवला.' खाली तारीखवार गोळ्या, दुकानं, पुण्याचं पुडकं, आर्याचं नाव न घेता. आणि सही.

इथल्या सरकारी दवाखान्यातली, म्हणजे पॉलिक्लिनिकमधली, डॉक्टर कोवळी पोर होती, चिनी. तिनं दोन्ही पानं नीट वाचली, परत वाचली. म्हणाली, लोक मला नेहमी अर्धंच सांगतात. अंकलनी पूर्ण सांगितलं, आता काम सोपं आहे. रागावली नाही, उपदेश केला नाही. एकदम बंद करायच्या नाहीत, हळूहळू उतरवू, म्हणाली. रक्त तपासलं. त्या गोळ्यांत पॅरासिटामॉलही असतं, लिव्हरला धोका होता, पण वाचलं. फिजिओथेरपी लिहून दिली. बोटीवर चढायचं काम तीन महिने बंद. ह्यांच्या कंपनीनं कटकट केली नाही, टेबलाचं काम दिलं. ज्याला आम्ही इतके घाबरत होतो, ते असं दोन ओळींच्या मेलमध्ये मिटलं.

मीही ग्रुपवर लिहिलं, की नियम मोडणारी मीच, आमचं पुडकं मी उघडू दिलं नाही आणि ते घातक ठरलं असतं. किती लिहू, विचारलं तर हे म्हणाले, "गोळ्यांचंही लिही." लिहिलं. दोन दिवसांनी ग्रुपमधल्याच एका कॅप्टनचा ह्यांना फोन आला, तासभर बोलले. दार लावून बोलले, म्हणून मी काही विचारलं नाही.

उतरवायचे ते दिवस मात्र काही विचारू नका. गोळ्यांचा डबा माझ्याकडे, आणि डॉक्टरनं सांगितल्या तेवढ्याच मी द्यायच्या. नाक गळायचं, पाय स्वस्थ नसायचे, माझ्यावर खेकसायचे, मीही खेकसायचे. एकदा "दे तो डबा!" म्हणून ओरडले. मी डबा उचलून संडासात जाऊन कडी लावून बसले. दहा मिनिटांनी बाहेरून आवाज आला, "ये बाहेर. चहा केलाय." चहात साखर विसरले होते. प्यायले तसाच.

महिन्याभरानं आर्या आली. त्याआधी माझे फोन घ्यायची, पण 'हो', 'नाही', 'ठीक'. दारात उभी, हातात पिशवी. आत येऊन टेबलावर मेतकुटाची पुडी ठेवली आणि ह्यांच्यासमोर ती उघडली.

"बघा काका. मेतकूटच आहे."

हे खाली बघत म्हणाले, "आर्या, माझं चुकलं."

"हो, चुकलंच. मी अजून रागावलेय," ती म्हणाली. "थोडी. काकू, भात आहे का?"

तिघांनी मऊ भात, मेतकूट, तूप खाल्लं. तिनं दोनदा वाढून घेतलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सप्टेंबरअखेर शेवटची गोळी संपली. पाठ अजून दुखते, खोटं नाही सांगणार. सकाळी चटईवर अर्धा तास ते व्यायाम, संध्याकाळी ईस्ट कोस्टला समुद्राच्या कडेनं चालणं. वाईट दिवस येतात, तेव्हा गरम पाण्याची पिशवी आणि माझी बडबड. पण तमिळ बाईंचा मिक्सर चालू झाला. त्या इतक्या खूश झाल्या, की त्यात वाटलेल्या पिठाच्या इडल्याच घेऊन आल्या.

जानेवारीत वरुणच्या मुलीचं लग्न होतं. मला नोकरीत रजा मिळाली नाही, हे एकटेच निघाले. साडेपाच तास विमानात बसायचं, आणि जायचं पुण्यात, जिथे ते ओळखीचं दुकान. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण बोलले नाही. परत आले त्या सकाळी मी दार उघडलं. चेहरा दमलेला, कंबर जरा वाकलेली. पाणी प्यायच्या आधी त्यांनी बॅग उचलून टेबलावर ठेवली.

"उघड," म्हणाले.

"अहो, काय हे! घरचीच तर बॅग आहे."

"म्हणूनच उघड."

मी चेन ओढली. कपडे, लग्नातले लाडू, लग्नात मला आलेली पैठणी, कुणाकुणाची सहा पुडकी, प्रत्येकावर ह्यांच्या अक्षरात 'उघडून पाहिले'. तळापर्यंत एकेक वस्तू काढून बघितली, आणि हे शेजारी उभं राहून एकेक वस्तू माझ्या हातात देत होते.