थेंब बुडायला हवा

गणपतीत आमच्या कॉलनीचं मंडळ रक्तदान शिबिर घेतं. त्या वर्षी मंडळाची पोरं नावं लिहून घेत खाली फिरत होती आणि मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चहा पीत उभा होतो. एकानं मान वर करून विचारलं, "काका, तुमचं लिहू का?"

"लिही की," मी वरूनच ओरडलो, "पण माझ्याआधी काकूंचं लिही. तिच्यासारखी ठणठणीत बाई अख्ख्या केडगावात सापडायची नाही!"

बायको आत कुकर लावत होती. तिला आधी विचारावं, हे मला सुचलं नाही. असलं काही मला वेळेवर सुचत असतं, तर मी गॅलरीतून ओरडलोच नसतो.

माझ्या बोलण्याला आधार होता, असं मला तेव्हा वाटायचं. बायको पहाटे उठते, पाच जणांचे डबे-नाष्टे उरकते, दोन्ही पोरांना शाळेला काढते, माझ्या आईचं औषधपाणी बघते आणि तारकपूरहून बस धरून राहुरीकडे माती तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला जाते. संध्याकाळी तेच सगळं उलट क्रमाने. मी नागापूरच्या एमआयडीसीत सुपरवायझर. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं काम नीट झालंय का, हे खुर्चीत बसून बघणारा. बायको व्यायाम कधी करते, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "दिवसभर पळतेच की. आणखी वेगळा कशाला?"

शिबिरात रक्त घेण्याआधी एक साधी तपासणी करतात. बोट टोचून रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडायचा. बुडाला तर रक्त चांगलं, तरंगला तर अंगात लोह कमी. बायकोला हे सांगायची गरज नव्हती, तिचं आयुष्यच बाटल्या-नळ्यांत गेलंय. तिनं स्वतःच बोट पुढं केलं. थेंब थोडा खाली गेला, विचार बदलल्यासारखा परत वर आला आणि काचेच्या कडेला जाऊन थांबला.

"मॅडम, तुम्ही यंदा राहू द्या," तपासणारी मुलगी म्हणाली. "आधी डॉक्टरांना दाखवा."

मागे रांगेत कॉलनीतल्या बायका होत्या. त्यांच्यापैकी एकीनं "अगं बाई" म्हटलं, फार हळूही नाही. मग माझा नंबर आला. माझा थेंब विहिरीत दगड सोडावा तसा तळाला गेला. मी पलंगावर आडवा झालो, रक्त दिलं, केळं खाल्लं, बिस्किटं खाल्ली आणि मंडळातर्फे मिळालेला स्टीलचा जेवणाचा डबा घेऊन बाहेर आलो. तो डबा मी बायकोच्या हातात दिला आणि म्हणालो, "घे, तुलाच होईल." काही माणसांना गप्प बसणं शिकवावं लागतं.

घरी जाताना ती पुढं होती. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, ती फक्त बिल्डरच्या जाहिरातीत होती. बायकोला वर्षभरापासून एक खोड लागलेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायची. पर्स उघड, हे कप्पे बघ, ते कप्पे बघ. मी यावर बरेच विनोद केले होते. हजार शेतांच्या मातीच्या पिशव्या ओळीनं लावणाऱ्या बाईला एक किल्ली सापडत नाही, वगैरे. त्या दिवशीही ती तिथंच थांबली, पर्समध्ये हात घातला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुढच्या गणपतीत तो थेंब बुडणार."

तिच्याकडं एखाद्या शेतकऱ्याची माती नापास झाली, तर ती त्याला दोष देत नाही. काय कमी आहे, काय घालायचं, एवढंच सांगते. स्वतःचा नमुना नापास झाल्यावर मात्र दोन दिवस ती घरात कुणाशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, "काल दुपारी काय खाल्लं?"

"ती सगळं खाते हो," मी म्हणालो. "नखरे नाहीत अजिबात."

"मी त्यांना विचारतेय."

बायकोनं जरा आठवून सांगितलं. दुपारी परवाची अर्धी भाकरी आणि भाजीचा तळ. सकाळी चहा, कारण नाष्ट्याला पोहे पुरले नव्हते. ऑफिसात पुन्हा चहा, भूक मरावी म्हणून. संध्याकाळी धाकट्याच्या डब्यात राहिलेली पोळी आणि रात्री सगळ्यांचं झाल्यावर जे उरलं ते. ती हे सगळं मातीचा अहवाल वाचावा तशा आवाजात सांगत होती. मी रोज त्याच घरात जेवत होतो आणि हा मेन्यू मला नवीन होता.

"जिना चढताना दम लागतो?"

"नाही, नाही," मी म्हणालो. तोंडाला सवय.

"लागतो," बायको म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर थांबावंच लागतं."

"अगं, तिथं तर तू किल्ली..."

"किल्ली बाहेरच्या कप्प्यात असते. पहिल्यापासून."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. बायकोनं नाव वाचलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "फेरस सल्फेट! अहो, हे तर आम्ही डाळिंबाला सांगतो. पानं पिवळी पडली की हिराकस घाला म्हणून."

"आणि घातल्यावर वरून झाडाला चहा पाजता का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवणाच्या आगंमागं चहा बंद. पालेभाजी, कडधान्य, वर लिंबू पिळून. आणि सकाळी चालायचं. घरकाम ते घरकाम, व्यायाम तो व्यायाम."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं, ते मला कळलं.

मी उत्साही माणूस आहे, म्हणजे कामाचा नाही, सुरुवातीचा. त्याच संध्याकाळी मी पिशवीभर बीट आणलं. बिटाची कोशिंबीर झाली, बिटाचे पराठे झाले, बिटाचा रस झाला. आठवड्याभरात ओटा, टॉवेल आणि धाकट्याचा शाळेचा शर्ट, सगळं गुलाबी झालं. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून मी बायकोला सूचना द्यायला लागलो. माळ्यावरची लोखंडी कढई काढली आणि घासायला तिच्याकडंच दिली. तिच्यासाठी बूट आणले, ते एक नंबर लहान निघाले.

एके दिवशी रसाचा ग्लास पुढं केल्यावर तिनं तो माझ्याच हातात परत ठेवला.

"मला बीट नकोय."

"मग खजूर आणू?"

"मला बसून जेवायचंय. गरम. सगळ्यांच्या आधी नाही, नंतरही नाही. बरोबर."

हे ऐकायला सोपं होतं. पण आमच्याकडं भाकरी तव्यावरून थेट ताटात पडते. मी, पोरं, आई ओळीनं बसायचो आणि बायको तव्यापाशी उभी. तिनं बसायचं, तर तव्यापाशी दुसरं कुणीतरी हवं. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

माझी आई पाथर्डीकडची, तिला हे पटलं नाही. "आरं, भाकरी करणारी बाई मधीच जेवाया बसती व्हय? आमी तर सासू-सासऱ्याचं झाल्यावर बसायचो."

"आणि गरम मिळायची का आत्याबाई?" बायकोनं विचारलं.

आईनं तव्याकडं पाहिलं. "पोपडा गेलेली, तव्याला चिकटलेली, ती आमची," ती म्हणाली. "लई वरसं झाली. गरम कशी लागती, त्ये हितं येऊन कळलं मला." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "घे रं, परात घे."

माझी पहिली भाकरी ताटात वाढता आली नाही, ओतावी लागली. आईनं तुकडा उचलून उजेडात धरला. "सूनबाई, ही तुज्या हाफिसात तपासाया ने. कंच्या रानातली माती हाय, इचार." आमची मुलगी पाणी पिताना हसली आणि तिला ठसका लागला. बायकोनं मात्र त्या मातीवर मेथीची भाजी घेतली, लिंबू पिळलं आणि बसून, सावकाश खाल्ली.

दिवाळीपर्यंत माझी भाकरी उचलता यायला लागली. संध्याकाळचा तवा माझा झाला. सकाळी बायको कॉलनीतल्या दोघीतिघींबरोबर मागच्या शेतांच्या रस्त्यानं चालायला जायची आणि मी डबे भरायचो. मंडळाचा स्टीलचा डबा तिचा. त्यात आधी वाढायचं, मग बाकीच्यांच्या डब्यात, हा नियम मुलीनं केला आणि ती त्यावर लक्षही ठेवायची. सुरुवातीला मीही बायकोबरोबर चालायला गेलो होतो. पहिल्या बांधापाशी मला एक महत्त्वाचा फोन आठवला आणि तो मी बांधावर बसून बराच वेळ केला.

प्रश्न एकच राहिला. उरलेल्याचं काय करायचं? भाजीचा तळ, धाकट्याची अर्धी पोळी, वाटीभर वरण. बायकोनं त्यातून अंग काढून घेतलं होतं. "अन्न टाकायचं न्हाई हां," आई बसल्या जागेवरून बजावायची. मी परात धुवायला उठायचो आणि उठता उठता ते संपवून टाकायचो. माझं जेवण झालेलं असायचं, हे वेगळं.

"बाबा, आईचं खातं आता तुमच्याकडं आलंय," मुलगी म्हणाली. मी ते कौतुक समजलो.

मार्चच्या सुमारास बायको एकदा सहज सांगून गेली, की तारकपूरला सुटलेली बस तिनं पळत जाऊन पकडली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, दमानं." तिनं हे भाजी निवडता निवडता सांगितलं, पण मग संध्याकाळी आईला पुन्हा सांगितलं आणि रात्री फोनवर तिच्या बहिणीलाही. दुसऱ्या मजल्यावरचं थांबणं कधी बंद झालं, ते मला सांगता येणार नाही. मी तेव्हा तिच्या मागं पडायला लागलो होतो.

गणपती आले. पोरं खाली फिरायला लागली तेव्हा मी गॅलरीत होतो, पण तोंड बंद ठेवलं. बायकोच आतून आली, कठड्यावरून वाकली आणि म्हणाली, "माझं नाव लिही रे. पहिलं."

मांडवात त्याच बायका रांगेत होत्या. तपासणारी मुलगी तीच की दुसरी, आठवत नाही. पाणी तेवढंच निळं होतं. बायकोनं बोट पुढं केलं आणि नेहमीसारखी नळीकडं बघत राहिली, नमुना दुसऱ्याच कुणाचा असावा तशी. थेंब सुटला. क्षणभर मधे रेंगाळल्यासारखा वाटला, निदान मला. मग सरळ खाली गेला आणि तळाशी बसला.

"छान आहे, मॅडम. या."

बायकोनं मागं वळून रांगेतल्या त्या "अगं बाई"कडं पाहिलं, पदर नीट केला आणि पलंगाकडं गेली.

माझाही थेंब बुडाला. पण यंदा तिथं ब्लडप्रेशरही बघत होते. दंडाला पट्टा बांधून डॉक्टरांनी एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं. "काका, वरचं बरंच जास्त आहे. आज नको. जेवणात काय काय असतं तुमच्या?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि यादी फार लांब आहे, हे लक्षात येऊन मिटलं.

बायको केळं खाऊन, यंदाची भेट असलेली पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. आम्ही घराकडं निघालो. ती पुढं, मी मागं. पहिला मजला झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबलो आणि खिसे चाचपायला लागलो. शर्टाचा, पँटचा, पुन्हा शर्टाचा.

वरून कुलूप उघडल्याचा आवाज आला आणि मग तिचा.

"किल्ली माझ्याकडं आहे. दम खा आणि या."