पहिलं पाणी झाडाला

माझ्या आत्याचं कौतुक करायला कधी जाऊ नका. मी गेले होते, त्याची शिक्षा अजून भोगतेय.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकटी राहते. वय अडुसष्ट, उंची जेमतेम, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. तेहतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी केली. रक्ताचे डाग, औषधाचे डाग, शाईचे डाग, कुठला कशाने जातो ते तिला झोपेतून उठवून विचारा. तिचे मिस्टर लिफ्ट दुरुस्त करायचे, ते लवकर गेले. मूलबाळ नाही. कुणी त्याबद्दल हळहळलं की म्हणते, देवाने मूल दिलं नाही पण भाऊ दिला, भावाने ही उतावळी आणून ठेवली, आता तक्रार करायला तोंड कुठंय मला. उतावळी म्हणजे मी.

तर या आत्याचा सोमवार. चर्चमधल्या रविवारच्या मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, संपल्या की वेदीवरचे कपडे एका निळ्या पिशवीत तिच्याकडे येतात. वेदीवर अंथरायचा चौकोनी कपडा, चषक पुसायचे छोटे रुमाल, हात पुसायचे टॉवेल. एकतीस वर्षं येतायत. मागच्या गॅलरीत ती तीन टब मांडते. पहिल्या टबात नुसतं पाणी, त्यात कपडे तासभर भिजतात, आणि ते पाणी मोरीत ओतायचं नाही. कारण रुमालात पवित्र द्राक्षारसाचा एखादा थेंब असू शकतो, चौकोनी कपड्यात ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचा कण असू शकतो, आणि ते गटारात जाऊन कसं चालेल. ते पाणी बादलीत भरून चर्चच्या अंगणात झाडाच्या मुळाशी ओतायचं. पूर्वी वेदीमागच्या खोलीत त्यासाठी वेगळी मोरी होती, थेट जमिनीत उतरणारी, पण दुरुस्तीच्या वेळी तिच्यावर छान चकचकीत टाइल्स बसल्या, तेव्हापासून झाड. दुसऱ्या टबात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. मग ओलसर असतानाच इस्त्री, आणि घडी अशी की चौकोनाची बरोबर नऊ घरं पडली पाहिजेत. दहावं पडलं की उलगडून पुन्हा.

मला लहानपणापासून वाटायचं, हिने नक्की काहीतरी नवस केला असणार. मोठं आजारपण, चमत्कार, काहीतरी. मागच्या वर्षी विचारलंच. म्हणाली, नवस कसला, तेव्हाच्या फादरांनी विचारलं सोमवारी मोकळी असतेस का. माझी सोमवारी सुट्टी असायची. मी हो म्हणाले.

झालं. एवढीच गोष्ट. अशा बाईवर कुणी काय लिहिणार.

आता नवे फादर आले. तरुण आहेत, चांगले आहेत, उत्साह उतू जातो नुसता. त्यांनी जाहीर केलं की हा महिना कृतज्ञतेचा. दर रविवारी त्यावरच उपदेश, आणि चर्चच्या दारात मोठा बोर्ड, रंगीत चिठ्ठ्या, पेन दोरीला बांधलेलं. ज्यांचे आभार मानायचेत त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून लावायची. पहिल्या रविवारी दहा कुष्ठरोग्यांवर बोलले. येशूने दहा जणांना बरं केलं, आभार मानायला एकच परत आला, बाकीचे नऊ कुठे गेले. फादरांनी हा प्रश्न तीनदा विचारला आणि दरवेळी आमच्याकडे असं बघितलं की मलाच अपराधी वाटलं.

दोन रविवार मी त्या बोर्डसमोर उभी राहून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. एकशे चौदा. गायनवृंदाला तेवीस. फादरांना तर विचारू नका. माइक दुरुस्त करणाऱ्याला नऊ, पार्किंगला उभे राहणाऱ्यांना सात, एक चक्क नव्या पंख्यांना होती. आत्याला एकही नाही. म्हणजे मी लिहिलेली धरून एक, पण ती आत्यानेच काढून पिशवीत टाकली होती.

सोमवारी मी तणतणत तिच्याकडे गेले. ती घड्या घालत होती. मी म्हटलं आत्या, हे सगळे ते नऊ जण आहेत, तुझ्या इस्त्रीवर एकतीस वर्षं मिस्सा चाललीय आणि एकालाही तुझी आठवण नाही.

तिने वर पण नाही बघितलं. म्हणाली, "ते नऊ जण घरी गेले असतील गं. किती वर्षांनी बायकापोरांना हात लावायला मिळणार होता. मी असते तर मीही आधी घरीच पळाले असते."

"पण आभार मानायला नकोत?"

"हवेत की. पण नाही मानले म्हणून येशूने त्यांना परत आजारी केलं का? नाही ना. मग तू कशाला रागावतेस. तो कोपरा धर."

मी कोपरा धरला आणि आतून अशी पेटले की काय सांगू. हिला काही वाटतच नाही. बोटांचे सांधे सुजून कवठाएवढे झालेत, सोमवारी संध्याकाळी कप उचलता येत नाही, आणि वर कुष्ठरोग्यांची बाजू घेतेय. घरी जायच्या आत, जिन्यात उभी राहून, मी पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, ग्रुपवर लिहिलं. चारशे बारा लोक आहेत त्यात. लिहिलं की आपल्या वेदीचे कपडे गेली एकतीस वर्षं एक बाई एकटी धुतेय, तिची बोटं वाकडी झालीत, बोर्डवर पंख्याला चिठ्ठी आहे आणि तिला नाही, दहातले नऊ कोण ते आज कळलं. पाठवलं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत हात जोडलेले बावन्न इमोजी आले होते. तिसऱ्यावर पोचले तेव्हा पप्पा दारात फोन हातात घेऊन उभे. म्हणाले, तुझी बोटं पण कुणीतरी वाकडी करायला हवीत.

आमच्या पॅरिश कौन्सिलच्या सेक्रेटरींना सगळे ठराव काका म्हणतात. रिटायर्ड माणूस, मनाने खरंच सोन्यासारखा, पण समोर काहीही दिसलं की त्याचा ठराव करतो. बुधवारी त्यांनी मीटिंग घेतली. गुरुवारी ते स्वतः आत्याकडे आले, मी तिथेच होते. दोन ठराव झाले होते. पहिला, येता सोडून त्यापुढच्या रविवारी मिस्सेनंतर आत्याचा सत्कार. दुसरा, आत्याला या वयात आता त्रास द्यायचा नाही, म्हणून यापुढे कपडे चौकातल्या लाँड्रीत जातील. एकमताने, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मला वाटलं आत्या भांडेल. हॉस्पिटलात डॉक्टरांना ऐकवायची ती. पण तिने शांतपणे चहा ठेवला, कपाटातून निळी पिशवी काढली, त्यात राखीव रुमाल घडी करून ठेवले आणि त्यांच्या हातात दिली. एवढंच म्हणाली, "पहिलं पाणी गटारात टाकू नका म्हणावं त्यांना." ठराव काकांनी खिशातून डायरी काढून लिहून घेतलं. मी डोकावून बघितलं. लिहिलं होतं, पाण्याचे बघणे.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली.

"तुला कुणी सांगितलं मी थकले म्हणून?"

मी म्हटलं, आत्या, मी तसं कुठे लिहिलं, मी तर फक्त—

"माझी बोटं चारशे लोकांना दाखवलीस. आता त्यांना माझी दया आली. झालं समाधान?"

आणि बोलणं बंद. माझ्याशी. जिन्यात भेटली तरी माझ्या मागच्या भिंतीकडे बघून जायची.

नंतरच्या सोमवारी मी कॉलेजला दांडी मारून खाली गेले, सॉरी म्हणायला. मागच्या गॅलरीत तीन टब मांडलेले. पाणी भरलेलं. आणि आत्या स्टुलावर बसून होती, हात मांडीवर. सवयीने मांडले असणार, आणि मग लक्षात आलं असणार की धुवायला काही नाहीये. मला बघून ती उठली, बेडरूमचे पडदे काढले आणि पहिल्या टबात टाकले. स्वच्छ होते, मागच्याच आठवड्यात धुतलेले. मला रडूच आलं. सॉरी म्हणायचं राहिलं, तशीच वर आले आणि उशीत तोंड खुपसून स्वतःला शिव्या दिल्या. एका बाईचा सोमवार मी जिन्यात उभ्या उभ्या घालवून टाकला होता, आणि तो परत कसा आणायचा ते मला कळत नव्हतं.

रविवार आला. चर्च भरलेलं. पप्पांनी आत्याला पहिल्या रांगेत बसवलं, आम्ही मागे. वेदीवर लाँड्रीतून आलेले कपडे होते. दुधासारखे पांढरे, मान्य करते. पण कडक. इतका स्टार्च की चषकावर ठेवलेला रुमाल पुठ्ठ्यासारखा ताठ उभा. फुलांचा वास मारलेला, तो आमच्या रांगेपर्यंत येत होता. मी आत्याची मान बघत होते. ती त्या रुमालाकडे एकटक बघत होती, लाँड्रीत एखादं गाठोडं चुकीच्या मशीनमध्ये चाललेलं दिसावं तशी.

कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या, वेळी फादरांनी चषकातून घेतलं आणि रुमालाने कड पुसली. रुमालाने काही शोषूनच घेतलं नाही. स्टार्च आणि तो वासाचा मसाला, त्यावरून पाणी पण सटकतं. थेंब कडेवरून बाहेर घसरला, फादरांनी परत पुसलं, तो अजून पसरला आणि टपकन वेदीच्या कपड्यावर पडला. लाल. फादर थांबले. साधा डाग नव्हता तो, आमच्यासाठी ते ख्रिस्ताचं रक्त, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी दुसरा रुमाल त्यावर ठेवला, तोही तसाच पुठ्ठा. गायनवृंदाने संपलेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मिस्सा कशीबशी संपली. ठराव काका माइकवर आले, हातात काचेचं सन्मानचिन्ह, चांगलं वहीएवढं. बोलले, एकतीस वर्षं, निःस्वार्थ, मूक, आणि आता मी विनंती करतो. टाळ्या. पहिल्या रांगेत आत्याची जागा रिकामी.

चारशे लोकांनी माना वळवल्या. पप्पांनी मला कोपर मारलं. मी उठून वेदीमागच्या खोलीत धावले.

आत्या सिंकसमोर उभी होती, बाह्या वर, बादली नळाखाली. फादर तिच्या बाजूला, झगा पण काढला नव्हता, हातात वेदीचा तो कपडा दोन्ही तळव्यांवर धरून, जसं काही लहान बाळ आहे.

"आधी तेवढाच भाग," आत्या म्हणाली. "चोळू नका. बुडवा आणि सोडा."

फादरांनी बुडवलं. मग हळूच विचारलं, लाँड्रीवाले पहिलं पाणी कुठे टाकतात ते तुम्ही विचारलं होतं का.

"मी कशाला विचारू, मला मोकळं केलंय. डायरीत लिहून घेतलंय काकांनी."

फादरांचे कान लाल झाले. म्हणाले, "चूक माझी आहे. फादर व्हायच्या आधी सेमिनरीत शिकलो होतो हे. इथे कपडे रोज स्वच्छ मिळायचे, कोण करतं, कसं करतं, मी कधी विचारलंच नाही. आणि महिनाभर आभारांवर बोलतोय." मग म्हणाले, "आत्या, पिशवी उद्यापासून परत तुमच्याकडे पाठवू?"

तेवढ्यात ठराव काका आत आले, घामाघूम, काच छातीशी धरून. आत्याने मागे वळून बघितलं. "तिकडे ठेवा. हात ओले आहेत माझे." त्यांनी टेबलावर ठेवली. आत्याने दोन पुठ्ठा रुमाल पाण्यातून खळाखळा काढले, पिळले, आणि त्या काचेवर तळहाताने सपाट पसरले. काचेवर वाळले की इस्त्री लागत नाही, हॉस्पिटलातली युक्ती. ठराव काका बघत राहिले. काचेवर कोरलेला कृतज्ञतापूर्वक हा शब्द रुमालाखाली गेला.

मग ती फादरांना म्हणाली, "पिशवी पाठवा. पण एक सांगते, बोटं माझी खरंच गेलीत, ते उतावळीने खोटं नाही लिहिलं. माझ्यानंतर कुणाला यायला हवं." आणि माझ्याकडे बघून, दहा दिवसांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघून, बादली पुढे केली. "ही येईल सोमवारी. हिला लोकांची फार काळजी."

मी म्हटलं आत्या, सोमवारी माझं प्रॅक्टिकल असतं.

"सकाळी सहाला नसतं."

फादर हसले. मी बादली उचलली, अंगणात गेले, झाडाच्या मुळाशी हळूहळू ओतली.

आज चौथा सोमवार. सहाला उठतेय. नऊ घरं अजून पडत नाहीत माझी, एकदा बारा पडली. ती स्टुलावर बसून चहा पीत हुकूम सोडते, कप दोन्ही हातांनी धरून. ते काचेचं सन्मानचिन्ह गॅलरीत आहे, त्यावर कायम एक रुमाल वाळत असतो. बोर्ड उतरवला, महिना संपला.

आणि चार आठवड्यांत ही बाई मला एकदाही थँक्यू म्हणालेली नाही. आज मी हे तिला बोलून दाखवलं. तिने घडी उलगडली, माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, पुन्हा घाल.