शैलाला सोशिक म्हणू नका

सकाळी डबा भरत होते, तेव्हा शैलाच्या नवऱ्याचा, श्रीकांतरावांचा फोन आला. "बाई, शैला गेली... झोपेतच." हृदय बंद पडलं म्हणे. पुढच्याच आठवड्यात शाळेत शोकसभा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई फार सोशिक होत्या. कधी कसली तक्रार केली नाही." सगळ्यांच्या माना डोलल्या. मी मात्र खुर्चीत चुळबुळत होते. गेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही, म्हणून त्याच्याबद्दल काहीही ठोकून द्यावं का? शैला सोशिक नव्हती. तिला सोसायला लावलं होतं, आणि त्याची चीड तिच्या मनातून कधीच गेली नाही.

आम्ही दोघी सोलापुरातून एसटीनं मोहोळच्या शाळेत जायचो. धाकट्या लेकीच्या, केतकीच्या वेळचं तिचं बाळंतपण फार अवघड गेलं, बाळ चिमटा लावून काढावं लागलं. रजा संपवून रुजू झाली ती बदललेलीच. घरून निघताना पाण्याचा घोट घेईना. नेसायची ती गडद साडीच; लोकांना वाटे, हिला आवडतातच गडद रंग. एकदा गाडी खड्ड्यात आदळली तसा तिनं माझा दंड घट्ट धरला आणि कानाशी पुटपुटली, "सुटली गं..." शिंकलं, खोकलं, मोकळं हसलं की लघवी सुटायची. संध्याकाळी अंग खाली ओढल्यासारखं जड व्हायचं.

सांगायचं तरी कुणाला? मैंदर्गीच्या सासूबाई म्हणाल्या, "समद्या बायांचं असंच असतंय की. आमी कुटं बोंबललो?" एका डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "बाळंतपणानंतर चालायचंच." दुसऱ्यांनी तर थेट पिशवी काढायचा सल्ला दिला. बाहेर येऊन शैला कडाडली, "नळ गळतोय म्हणून टाकीच पाडा म्हणतोय हा!" बाळाचं वजन, बाळाच्या लसी, बाळ कुणावर गेलंय, सगळ्याची चौकशी होते. ज्या देहातून ते बाळ आलं, त्याचं काय झालं हे विचारायला कुणाची जीभ रेटत नाही. बाळंतिणीला शेक-शेगडी दिली, डिंकाचे लाडू घातले, की झालं!

मग त्या वर्षीचं स्नेहसंमेलन आलं. मुलींचं लेझीम तिनंच बसवलं होतं. ठेका चुकला म्हणून ती पुढे झाली, मुलींबरोबर एक उडी मारली... आणि समोर पालक बसलेले असताना साडी ओली झाली. तिला शाल पांघरून मी प्रयोगशाळेत नेलं. ती रडली नाही. दात आवळून एवढंच म्हणाली, "बास झालं आता."

चौकशा करकरून तिनं सोलापुरातच एक फिजिओथेरपिस्ट बाई शोधल्या. त्यांनी नीट तपासून समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, ती बाळंतपणात ताणली गेलीय. लघवी अडवताना आवळतो तसं आवळायचं, मग पूर्ण सैल सोडायचं, श्वास न रोखता, आणि तेही रोजच्या रोज. कित्येक महिने तिनं ते चिकाटीनं केलं आणि फरक पडला. पूर्ण नाही, जोराची शिंक आली की ती पाय जुळवायचीच. पण एसटीत बाटली काढून घटाघटा पाणी प्यायला लागली. आणि तिथूनच तिचा खरा संताप सुरू झाला. "हे मला आधी कुणीच का सांगितलं नाही?"

तेव्हापासून शैला बारशाला आली की यजमान धास्तावायचे. मोहोळच्या एका बारशात तिनं बाळाच्या हातावर झबलं ठेवलं आणि भर बायकांत बाळंतिणीला विचारलं, "लघवी सुटते का गं तुझी?" पोरीची आजेसासू भडकली. "ओ बाई, लाज हाय का न्हाय?"

"माझी लाज भर मैदानात वाहून गेली, मावशी."

आम्ही निघालो, तशी तीच म्हातारी फाटकापर्यंत मागे आली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बाई... माजं अंग भाईर येतंय. ह्या पोरीचा सासरा जल्मल्यापास्नं."

"आणि एवढी वर्षं कुणाला बोलला नाहीत?"

"इचारलं कुणी?"

शैलानं मावशींना स्वतः सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी आत आधाराला रिंग बसवली, मावशी पुन्हा रानात जाऊ लागल्या. त्यांच्या घरून शैलाकडे कडक भाकरी येत राहिल्या.

शैला गेली तेव्हा केतकीचे दिवस भरत आले होते. परवा मी शैलाच्या नातीला बघायला गेले. पाळण्याभोवती भावकीतल्या बायका जमलेल्या. केतकी तिथं नव्हती. शैलाच्या खोलीचं दार लोटलेलं आणि बाहेर श्रीकांतराव खुर्ची टाकून बसलेले. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेला, बायकांच्या घोळक्यातून मान खाली घालून जाणारा हा माणूस. एक वयस्कर वहिनी दार ढकलायला गेल्या, तसे ते उठून आडवे आले.

"थांबा वहिनी. आत तिचा व्यायाम चाललाय."

"अगंबाई! ओल्या बाळंतिणीला कसला व्यायाम?"

श्रीकांतरावांचे कान लाल झाले. एकदा घसा साफ करून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात, वहिनी. त्याचा. आणि... तुम्हाला काही त्रास आहे का?"